वयाचा रकाना

फॉर्मवर वय लिहायचं होतं.
चोपन्न लिहिलं,
आणि पेन तसंच धरून बसले.

सात रस्त्याजवळचा दवाखाना, दुसरा मजला.
पंखा फिरतो तो नुसतं ऊन ढवळतो.
शेजारी वळसंगचा रेवण, वय बावीस,
नाव स्वतः निवडलेलं, आजोबांचं.
त्याचं तिसरं इंजेक्शन, माझी पहिलीच खेप.
घसा आत्ताच फुटलाय त्याचा,
एका वाक्यात दोन माणसं बोलतात.
"काल आईला फोन केला," म्हणाला,
"ती म्हणते, कोण पाहिजे तुम्हाला?"
हसला. मग हसायचा थांबला.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलतात, बरं वाटतं.
या वयात गोळ्या नकोत, रक्ताची गुठळी होते.
जेल देते, दंडावर चोळायचं, वाळेपर्यंत बाही खाली घ्यायची नाही.
बीपी दर महिन्याला. तंबाखू आजपासून बंद.
बाई, म्हटलं, तंबाखूवरच तर वाढले मी.
आई विड्या वळायची. पानं ती कातरायची,
दोरा मी बांधायचे.
हजार भरल्या की म्हणायची, झोप आता, बिड्डा.
आमच्या तेलुगूत बिड्डा म्हणजे लेकरू.
कधी कधी मुलगीसुद्धा.
ती कुठलं म्हणत होती, विचारायचं राहिलं.

"आणि आवाज," बाई म्हणाल्या,
"तो बदलणार नाही. आधीच सांगते."

तीस वर्षं जॉबर होते मी, अक्कलकोट रोडला, यंत्रमागावर.
चोवीस माग एकदम चालतात
तिथं आवाज कुणालाच नसतो.
कांडीवाल्या बायका, मुकादम, मालकाचा पोरगा,
सगळे ओठांवर बोलतात, सगळे ओठ वाचतात.
लाइट गेली की माग थांबायचे,
आणि माझा घोगरा आवाज एकदम उघडा पडायचा शेडमध्ये.
मी गप्प व्हायचे. लोक म्हणायचे, यमूल फार मितभाषी.

खाली पावचटणी खाताना रेवणनं विचारलं,
उशीर झाला असं नाही वाटत?
मी त्याला चादरीचं काहीतरी सांगणार होते,
अर्ध्यात सूत बदललं तरी ताणा तोच राहतो, वगैरे.
पण त्याला भूक होती, आणि मला ते खरं वाटेना.
वाटतं, म्हटलं.
बावीसला कुठं जायचं तेच ठाऊक नव्हतं.
तीसला ठाऊक होतं, तर बहिणीचं लग्न होतं.
चाळीसला आईचा लकवा.
मग ती गेली, आणि घरात
माझ्याकडून काही हवं असणारं कुणी उरलं नाही.
मला सूट मिळाली रे, त्याला उशीर म्हणतात.

तिसऱ्या महिन्यात छातीत डावीकडे
बोराएवढी गाठ, मग उजवीकडे.
चादरींचा गठ्ठा नेहमीसारखा कवेत घेतला
आणि कळ डोक्यात गेली.
काय झालं, हमाल ओठांनीच म्हणाला.
मी मान हलवली, गठ्ठा डोक्यावर घेतला,
आणि शेडच्या त्या टोकापर्यंत
वेड्यासारखी हसत गेले. कुणाला ऐकू आलं नाही.

आज रेवण म्हणाला, मावशी, एक करा.
रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहा.
मी फोन लावतो. तुम्ही माझी आई व्हा.
माझ्या या आवाजात? म्हटलं.
असू दे, म्हणाला, मला बोलायची सवय व्हायला पाहिजे.

बस गेली, दोन रिक्षा गेल्या.
पलीकडं तो, कानाला फोन,
मोकळ्या हातानं शर्टाची गुंडी पिळत.
"हॅलो," म्हणाला. चिरकला, पुन्हा खाली गेला. "आई, मीच आहे."

घसा खाकरला मी.
होता तोच आवाज आला बाहेर, घोगरा, चोपन्न वर्षांचा.
बोल, म्हटलं.
बोल, बिड्डा.