टिटवी

मुजावरच्या कादंबरीत सातव्या प्रकरणात लढाई आहे
आणि जहाज अजून माझ्या स्क्रीनवर.

दिवसभर भोसरीत, टी ब्लॉकमध्ये, मी फिक्श्चर काढते.
गिअरबॉक्स हलू नये म्हणून त्याला कुठे धरायचं,
एवढंच माझं शास्त्र.
रात्री, ताट झाकून ठेवून,
कुणालाच धरता येणार नाही असं काहीतरी काढत बसते.

मुजावर म्हणाला, तोफा हव्यात. किमान चाळीस.
मी म्हटलं, चार.
वाचक काय म्हणतील?
म्हटलं, तुझा वाचक लहानपणी भोवरा तरी खेळला असेल.
वजन कडेला नेलं की वळायला आळस,
एकदा वळली की थांबायला आळस.
म्हणून इंधन पोटात, चार माणसं इंधनाला बिलगून,
आणि फुंकणाऱ्या हलक्या नळ्या तेवढ्या
लांब काड्यांवर, चहूबाजूंना.
खालची बाजू नाही तिला, वरची नाही.
भवानी पेठेतून स्कूटर मारत आलेला माणूस
तरीही विचारतो, जिना कुठे दाखवलायस?

सगळ्यात जास्त रात्री उष्णतेनं खाल्ल्या.
पोकळीत वारा नाही. तापलेलं तापलेलंच राहतं,
शॉपवरच्या कास्टिंगसारखं पंख्याखाली सारता येत नाही.
पंख लागणार. उडायला नव्हे, निवायला.
आणि लढताना तेच मिटून घ्यायचे,
नाहीतर पहिला मार त्यांच्यावर.
हिशेब तीनदा केला. अकरा मिनिटं.
अकरा मिनिटं ती कुणाच्या बापाला सापडत नाही,
मग पंख उघडून उभं राहायचं
सगळ्यांना दिसेल असं, धापा टाकत.
आणि मागून येणारं मोठं जहाज, नऊ हजार झोपलेली माणसं,
बियाणं, एक गोठा,
त्याला यातलं काही कळत नाही.

मुजावरचा चहा निवला.
म्हणाला, हे प्रकरण परत लिहावं लागणार.

नाव त्यानं ठेवलं होतं वज्रनखा.
मी फाइल सेव्ह केली टिटवी म्हणून.

आप्पा आडमाप मालाच्या ट्रेलरपुढे असायचे.
रात्री साडेअकरानंतर कारखान्यातून बॉयलर निघायचा,
पुढे लाल झेंड्याची जीप, जीपच्या टपावर आप्पा,
हातात वेळूची काठी, टोकाला आडवी फळी.
विजेच्या तारा उचलून धरायच्या
बॉयलर खालून सरकेपर्यंत.
भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, चाकण,
माणसाच्या चालीनं, पहाटेपर्यंत.

एकदा मला नेलं. सातवीत असेन.
ड्रायव्हरशेजारी बसून मी झोपायचं नाही असं ठरवलेलं.
मोशीच्या पुढे अंधारात काहीतरी कर्कश ओरडलं.
टपावरून आवाज आला, टिटवी गं.
पाय वर करून झोपते ती.
आभाळ पडलंच तर पेलायला.
मी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं.
दोन्ही हात वर, फळीवर तीन तारा,
आणि हसत होते.

चाकणला हार बॉयलरला.
नारळ ट्रेलरच्या चाकापाशी.
आप्पांना परतीचं भाडं,
आणि खांद्यात कळ, जी पुढे कधी गेलीच नाही.

काल रात्री शेवटचं ड्रॉइंग संपवलं.
तोफा चारच. जिना नाही.
कणा मात्र नाकाच्या पुढे साडेसहा मीटर काढलाय,
टोकाला एक आडवी पट्टी.
नियमांत बसत नाही, वळण्यात अर्धा सेकंद खाते.

मुजावर स्क्रीनला नाक लावून विचारतो,
हे काय, अँटेना?

असू दे, मी म्हणते.
वजनात धरलंय.