उतरायची जागा

काच तापायच्या आत धुवायची असते.
म्हणून पहाटे चारला टँकर, मागोमाग आम्ही,
मी आणि शरणव्वा, लांब दांड्याचे ब्रश खांद्यावर,
चिंचहळ्ळीच्या माळावर.
रांगा मोजायच्या नाहीत असं ठरलंय आमचं.
मोजल्या की वाढतात.

खालचं काँक्रीट लढाईच्या काळातलं.
बिराप्पा बंडगरचा बाप त्यावर चुन्याचे पट्टे ओढायचा,
रोज, दोन वर्षं,
विमानाला वरून दिसावं म्हणून.
विमान आलं का, विचारलं की बिराप्पा तंबाखू मळतो.
एकदा आवाज आला होता म्हणे.
ढगातून. तसाच विजापूरकडं गेला.
बाप हातात कुंचा धरून, मान वर करून उभा,
आणि मरेपर्यंत ती मान जरा वरच राहिली.

मग साहेब गेले.
कुलूप लावायला दारच नव्हतं,
पट्टी गावाला उरली.
तिच्यावर ज्वारी वाळली, मिरची वाळली,
माझा नवरा लूना शिकला तिथंच, सरळ, न वळता.
वळायला अजून शिकला नाही तो.
भेगांतून तरवड आला. होले आले.
चांदण्यात लांडगा मधोमध चालत जायचा,
जशी काही त्यालाच परवानगी होती.

आता कुंपण आहे.
तरवड उपटला. होले राहिले.
गवत वाढू नये म्हणून बिराप्पाची मेंढरं आत सोडतात.
पगारी आहेत मेंढरं, तो सांगतो,
सही तेवढी माझी.
काचा दिवसभर सूर्यामागं मान फिरवतात.
बिराप्पा बघतो, बोलत काही नाही.
वीज कुठं जाते मला माहीत नाही.
तारांतून जाते एवढं खरं.
आमच्या गल्लीत गुरुवारी लाइट नसते.

तर त्या पहाटे,
पुनव नुकती उलटलेली,
काचा आडव्या, आभाळाकडं तोंड करून,
सत्तावीस नंबरच्या रांगेत धप्प झालं.
शरणव्वा ओरडली, कोण दगड मारायलंय बे?
बॅटरी मारली.
काचेवर एक पाखरू, मुठीएवढं,
पाय मागं, इतके मागं की उभं राहणं जमेना.
टिबुकली, बिराप्पा म्हणाला. तळ्यातली.
वरून हे सगळं पाणी दिसलं असणार.

एवढ्या वर्षांनी
माळावर कुणीतरी उतरलं होतं.

उडवून बघितली. पडली.
जमिनीवरून नाही उठत ती,
तिला पळायला पट्टी लागते.
कसली?
पाण्याची.

बादलीत ठेवली, वर माझा टॉवेल.
लूनावर नवऱ्याच्या मागं बसून एकरुखच्या तळ्याकडं.
वळणं आली तिथं तिथं मी ओरडले.
काठावर बादली कलती केली.
आधी ती बुडालीच.
आम्ही गप्प.
मग लांब कुठंतरी वर आली
आणि धावत सुटली, पाण्यावर पाय आपटत,
मागं एक पांढरा पट्टा ओढत,
सरळ.
नवरा मान वर करून बघत राहिला,
ऊन डोळ्यांत जाईपर्यंत.

मुकादमानं अर्धा खाडा लावला.
सात रांगा तशाच तापल्या होत्या.
रजिस्टरात कारणाच्या रकान्यात
शरणव्वानं माझ्यासाठी लिहून ठेवलेलं:
पाहुणा सोडायला गेली.