हातचा

एका युरोला सहाशे पंचावन्न फ्रँक
आणि वर अपूर्णांकाचं शेपूट.
शेपूट मी बांगीच्या विमानतळावरच छाटलं
आणि चौकटीच्या वहीत लिहायला बसले :
गाडी, डिझेल, हत्ती बघणे (हे सगळ्यांत महाग),
वाटेतले नाके – अकरा.
बोडा येईस्तोवरच नऊ झाले.

बार्थेलेमी गाडी चालवतो, म्हणजे
गाडीची समजूत काढतो.
प्रत्येक नाक्यावर खाली उतरतो,
कुणाच्या तरी आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो,
दोन हजारांचे एक हजार करून परत येतो.
ही बचत कुठल्या रकान्यात मांडतात
मला अजून कळलेलं नाही.

नोलाला तराफा बंद.
तार तुटलीय, उद्या नवी येईल, म्हणाले.
त्या उद्याचे तीन दिवस झाले.
‘थांबणे’ असं कलमच माझ्याकडे नव्हतं.

सिदोनी यापेलेच्या घरी खोली मिळाली.
अंगणभर कसावा वाळत घातलेला,
दुपारी त्याच्याकडे बघवत नाही इतका पांढरा.
तीही वही ठेवते.
मुलीने अर्धी टाकलेली, शाळेची.
यांच्यातही भिशी असते, केलेंबा म्हणतात.
नऊ बायका. हिचा नंबर सातवा.
तो लागला की ती बांगीला जाणार,
माझाच रस्ता, उलट्या अंगाने,
सुईणपण शिकणाऱ्या थोरलीला बघायला.
तिचा जाऊन-येऊन सगळा प्रवास
माझ्या ‘अडीअडचणीसाठी राखीव’मध्ये
दोनदा बसतो.
मी पान उलटलं. जरा घाईनेच.

तिने ते परत मागे आणलं.
माझे मराठी आकडे म्हणजे तिला वेलबुट्टी,
म्हणून मोठ्याने वाचायला लावलं.
मोडक्या फ्रेंचमधून मी वाचत गेले :
साबण दोनशे.
भाजलेल्या अळ्या, एक द्रोण, तीनशे
(खाल्ल्या, लिहिलं नव्हतं कशा लागल्या).
केळी, एक फणी, शंभर.

‘शंभर?’

हो. ती बाईच म्हणाली ना, ग्बांग्बो ओको.
एक शंभर. एवढं सांगो येतं मला.
केवढा तोरा होता मला त्या दोन शब्दांचा.

सिदोनी हसली नाही.
पाच फ्रँकचं नाणं तिने
आमच्या दोघींमध्ये, मातीत ठेवलं.
हा पाटा, म्हणाली.
आमच्या पाट्यावर चटणी वाटतात,
यांच्या पाट्यावर बाजार चालतो.
शंभर म्हणजे शंभर पाटे.
शंभर पंचे पाचशे.

हातचा मी धरलाच नव्हता.

मग आठवलं,
ती मागून काहीतरी ओरडली होती.
मला वाटलं, नीट जा म्हणतेय.
मी वळून हात हलवला होता,
चांगला खांद्यापासून.

संध्याकाळी दोघी गेलो.
फळीवर एक सुकलेली साल.
शेजारच्या तेलवालीने सांगितलं,
ती पलीकडची, होडीने येते, शनिवारचीच.
आणि तार मात्र त्याच रात्री आली.

सकाळी बार्थेलेमीने भोंगा वाजवला.
पैसे भरलेल्या तारखेचे हत्ती
बायांगाला माझी वाट बघत असणार
किंवा नसणार.
मी चारशे पुढे केले.
सिदोनीने आधी लिहून घेतलं, मग हात पुढे केला.
भिशीच्या नऊ नावांखाली माझं नाव,
एक अक्षर चुकलेलं.

केळीवालीचं नाव काय? मी विचारलं.
शनिवारी विचारते, म्हणाली,
आणि रक्कम एकदा तोंडाने म्हणून बघितली :
बाले म्योंबे. ऐंशी.

मी तराफ्यावर बोटांवर मोजलं.
बरोबर होतं.