एदिनाल्वा तीन पतंग पाहते

पाय बाहेरच झटक, जोझिवान.
वाळू आत आली की आधी मशीनची सुई तुटते,
मग माझं डोकं फिरतं.
हं, पसर आता. तिन्ही. उलटे, पोट वर.

हा बाराचा. त्या डच माणसाचा ना,
चौऱ्याण्णव किलोच्या,
जो माझ्या दारातून वाकून यायचा?
तू किती? अठ्ठावन्न, तेही ओल्या कपड्यांसकट.
नाकापेक्षा मोती जड, पोरा.
जूनच्या मरगळल्या वाऱ्यात हा तुला मिरवेल,
आणि ऑक्टोबरात, दुपारी दोनला,
उचलून चर्चच्या कौलांवर ठेवेल.
स्वस्त देतोय म्हणे.
देणारच. विमानात सामानाचं वजन होतं.

हा सातचा. कोरा. पोपटी.
तीनच फासळ्या, म्हणून हलका,
बार जरासा वळवला की गर्रकन फिरणार,
गोता मारून पुन्हा डोकं वर.
तुझ्या वजनाला, इथल्या पंचवीस नॉटला
मापात बसतो.
पण अंगठा फिरव इथे, पुढच्या कडेवर.
लागली शिवण? एकेरी.
कारखान्यात कुणाला तरी घरी जायची घाई होती.
लाटेत एकदा तोंडावर आपटला
की या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवेल,
मक्याचं कणीस सोलतात तसा.

आणि हा नऊचा.
हा मला ओळखतो.
हे ठिगळ निवडुंगाचं, हे जेसिल्दाच्या कुत्र्याचं,
हे कशाचं ते मालकाने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आतली पिशवी मी दोनदा बदलली,
साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसले
सबंध रविवार.
एकही टाका हलणार नाही, पैज लाव.

पण कापड ऐक.
सातचा चुरगाळ: पापड मोडल्यासारखा बोलतो.
आता नऊचा.
बघ. गप्प.
उन्हाने त्याची वाचा गेलीय.
वारा भरतो तसा झिरपून जातो,
मग तो आकाशात मागे रेलून बसतो,
ढील दे, ओढ, काही कर,
दुपारच्या झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा
सावकाश वळतो.
शिवण माझी आहे. कापड माझ्या हातात नाही.

माझे वडील शिडं शिवायचे.
काजूच्या सालीत रंगवलेलं सुती कापड,
समुद्रात शिरताना त्यावर पाणी मारायचे
म्हणजे सूत फुगून वीण मिटायची.
भिजेल तितकं घट्ट.
हे कापड वाऱ्यासाठी जन्मलं
आणि वारा सोडून सगळ्यांना भितं:
उन्हाला, मिठाला, वाळूला,
घडी न घालता गुंडाळणाऱ्या तुझ्यासारख्यांना.

खरं तर तू चुकीच्या बाईला विचारतोयस.
न फाटणाऱ्या पतंगावर माझा गॅस पेटत नाही.
या नऊच्या जिवावर मी
छपराचे दोन पत्रे बदललेत.
घे म्हणाले असते तर
फेब्रुवारीत पुन्हा माझ्याच दारात आला असतास,
ठिगळावर ठिगळ.

सात घे.
आज रात्री पुढच्या कडेला दुहेरी नागमोडी मारते,
टोकांना जाड पट्टी.
पैसे नोव्हेंबरात, शिकायला येणारे आले की.
नाही, बाराचा नको, मोठं होऊन काय करणार आहेस,
अंगावर चढेल तेवढंच चढू दे.

नऊचा इथेच राहू दे.
कण्णी काढून घेईन, झडपा अजून चांगल्या आहेत.
कापड मासे वाळवायच्या मांडवावर घालू.
मागच्या वर्षी असाच एक घातला होता.
रात्री वारा वाढला की
खांब करकरतात.
मेलेलं कापड, तरी ओढून बघतं.

चल, हे टोक धर.
ताणू नकोस.
नुसतं धर.