पाण्याचे पत्ते किती

कादराबादेत, नौशादच्या झेरॉक्सच्या दुकानात
मशीन थंड पडलं की आम्ही बसायचो.
रविवारी नाही, रविवारी त्याच्याकडे लग्नपत्रिका.
मंगळवारी.

तिथला नियम एकच: गड्डी उचलता आली पाहिजे.
डोईफोडेची ब्याण्णव पत्त्यांची.
स्टीलच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले त्याचे तळवे
पिसायला पुरायचे, माझे नाही पुरले कधी.
एकच अजगर त्यानं सात वेळा घातलेला.
"आवडतो," म्हणायचा.
आता ह्याच्यावर काय बोलणार.

जो पत्ता परवडत नाही तो नौशाद छापायचा,
काळापांढरा, जाड कागदावर,
मागं कुणाचा तरी फसलेला सातबारा.
त्याचा बर्फाचा राजा पालथा असला
तरी गट क्रमांक दिसायचा,
आणि आम्हाला सगळ्यांना कळायचं कोण झोपलाय तिथं.
कोणी बोलायचं नाही.
हा नियम कुठं लिहिलेला नव्हता.

मग सिडकोतल्या स्पर्धेचा कागद आला.
साठ पत्ते, त्याच्या खाली नाही.
एका नावाचे चार.
बाजूला पंधरा राखीव, दोन डावांच्या मधे बदलायला.
बंदी घातलेल्यांची यादी पाठपोट.
पाकिटं एका रंगाची, कोपरे शाबूत.
छापील नक्कल चालणार नाही.
डोईफोडेनं तीन अजगर मोजून बाजूला काढले
आणि चहा सांगायला म्हणून जो गेला
तो अर्ध्या तासानं आला.

मी बियाण्याच्या लॅबमध्ये आहे.
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडते,
आठव्या दिवशी किती उगवले ते लिहिते.
दाणा आवडला म्हणून कुणी पिशवीत भरत नाही.
तरी माझी गड्डी साठावर यायला तीन रात्री लागल्या.
चादरीवर सगळे पसरलेले,
एक उचलला की दुसरा केविलवाणा दिसायचा.

आणि पाणी.
ह्या खेळात सगळ्यांना पाणी लागतं,
राजाला चार, अजगराला सहा, साध्या भालेवाल्यालाही एक.
साठात पाण्याचे किती ठेवायचे, कागद सांगत नाही.
जाणकार म्हणतात, बावीस.
माझे एकोणतीस.
"काहून गं," डोईफोडे म्हणाला, "टाकी भरून ठेवायलीस का?"
आमच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतो.
बावीस हा आकडा मला वाचता येतो,
त्याच्यावर झोप लागत नाही.

सिडकोत ऋजुता बोर्डे नावाची पंच,
वय असेल एकवीस, नखांना निळा रंग.
तिनं माझी गड्डी ट्यूबलाइटखाली धरली,
यादीशी पत्ता-पत्ता ताडून पाहिली,
एक पाकीट बदलायला लावलं, कोपरा दुमडलेला होता.
मला बरं वाटलं.
दिवसभर मी दुसऱ्यांचं मोजते,
माझं कुणी इतकं नीट मोजलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत वाळूजचा एक पोरगा, दातांना तार.
मी सात पत्ते उचलले.
पाणी. पाणी. पाणी.
सातही पाणी.
नियमानं परत पिसून सहा घेता येतात,
पण मी तशीच बसून राहिले बघत.
ह्या जन्मात पहिल्यांदाच
मला पाणी जास्त झालं होतं.
हसू आलं ते थांबेना,
पोराला वाटलं मी चिडले.
"सॉरी, मॅडम," म्हणाला, आणि पाचव्या चालीला मला संपवलं.

नौशाद बरोबर आला होता, नुसताच बघायला.
परतीच्या एसटीत त्यानं खिशातून बर्फाचा राजा काढला,
सातबाऱ्याच्या बाजूनं थोडा वेळ पाहिला.
"बदनापूरचं रान आहे हे," म्हणाला.
"चांगलं असंल."

मंगळवारी मी सात पत्ते काढले.
बावीस झाले.
काढलेले सात रबर लावून
स्वयंपाकघरात पिंपाच्या मागं ठेवलेत.
असू द्यावेत.