धंद्याचा रकाना

आडनाव मुंगी, अक्षरही तसंच,
ठाण्यात सगळे म्हणायचे.
बारीक, काळं, ओळ न सोडणारं.
वडिलांनी गिरवून घेतलेलं; होळकरी कचेरीत
त्यांच्या एका वेलांटीपाशी म्हणे
साहेब वाचता वाचता थांबायचे.

त्याच अक्षरात मी सुरपालचं पान उघडलं.
जुनी इंदूर, जून महिना, पंखा बंद,
मनगटाखाली टीपकागद.
नाव सुरपाल, बाप हरचंद, जात पारधी.
बापाचं पान शेजारच्याच कपाटात होतं,
पुष्कळसं नुसतं उतरवून घेतलं.
उंची तेवढी नवी.
वय एकोणीस.
गुन्हा: अद्याप नाही.

धंदा विचारला, तर म्हणाला, चेन बसवतो.
गेंदालाल शिपाई खो खो हसला,
"बिठाता है कि खींचता है?"
मीही हसलो. हे लिहायला हवं.
पोरगं पिशवी उपडी करून दाखवत होतं:
पितळी रनर, मेणाचा तुकडा, छोटी पक्कड.
दप्तरांच्या चेन, सूटकेसच्या,
एकदा म्हणे बँडवाल्याच्या ढोलाच्या खोळीची.
मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली.
पट्टी न लावता, सरळ.

जातीवरून पान उघडा असं कायद्यात कुठेच नाही.
कायद्याचं पुस्तक होतं की आमच्याकडे.
काचेच्या कपाटात. किल्ली साहेबांकडे.

बुधवारी आणि शनिवारी रात्री
गेंदालाल त्याच्या दारावर काठी वाजवायचा.
"सुरपाल, है क्या?"
आतून: "हूँ."
मी सकाळी लिहायचो, घरी हजर.
हजेरी त्याची एकट्याची, काठी अख्ख्या गल्लीला ऐकू जायची.
तिसऱ्या महिन्यात घरमालकानं खोली रिकामी करून घेतली.
नमकीनच्या कारखान्यात शेव पाडायला लागला,
अकरा दिवस टिकला,
बाराव्या दिवशी आमची जीप फाटकाशी.
दुरुस्तीला बॅग दिलेल्या बाई
बॅग परत घेऊन तिथेच, पायरीवर बसून
आतले कप्पे चाचपायच्या.
सियागंजात कुलूप फुटलं, त्याला आणा.
लोहा मंडीतून तार गेली, त्याला आणा.
एका बुधवारी तो दारात नव्हता,
बायको एम. वाय. हॉस्पिटलात बाळंत होत होती.
त्यासाठी रकाना नाही.
मी लिहिलं: रात्री गैरहजर.

चौथ्या वर्षी छत्रीबागेतल्या एका घरी
सूटकेसमधून पाटल्या गेल्या.
चेन कुठे फाटलेली नाही,
उघडून, काम झाल्यावर, पुन्हा शेवटापर्यंत ओढलेली.
ह्या वेळी खरंच त्यानं.
पंचनामा लिहिताना मनात आलं,
काय सफाई आहे हाताला.
गेंदालाल म्हणाला, "देखा मुंगीबाबू? खून में है."
दुरुस्तीसाठी म्हणून जुनं पान काढलं.
दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.
चार वर्षांपूर्वीचं सगळं
आजच्या तारखेला बरोबर बसत होतं.

सुरपाल टेबलासमोर उकिडवा बसलेला.
मारलं होतं, पण बोलत होता.
एवढंच म्हणाला, बाबूजी,
पक्कड जप्तीत लिहू नका,
पोराला लागेल.
मी लिहिलं: पक्कड, लोखंडी, एक नग.
पुढे कंसात: घरफोडीचं हत्यार.
अक्षर नेहमीसारखंच आलं.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
सकाळी ओट्यावर साखरेचा दाणा नेणाऱ्या
मुंग्या बघत बसतो; सून वैतागते.
परवा नातीच्या दप्तराची चेन अडकली.
साबण लावला, मेणबत्ती घासली,
शेवटी तिनंच हिसका देऊन तोडली
आणि नवं दप्तर मागितलं.

आता म्हणे सगळं कंप्युटरवर असतं.
हरचंद, सुरपाल,
पुढचं नाव मला माहीत नाही.
ती रेघ तिथे कशी मारतात,
हातानं मारावी लागते, की
पान उघडलं की आधीच असते,
ठाण्यातला नवा मुलगा भाजी घेताना भेटला होता,
विचारायचं राहिलं.