थेट

“पेट्रोल आता थेट आत जातं, ताय,”
हनीफ सोलकर म्हणाला, बॉनेटवर हात ठेवून,
ताप बघावा तसा.
गॅरेजमागे अर्जुना. मार्च सरत आलेला,
नदी कमी, गोटेच जास्त.

मी एवढंच सांगितलं होतं
की सकाळी चावी फिरवली की गाडी कुडकुडते,
आणि चढाला दुसऱ्या गिअरातही मान टाकते.
रोज किती चालवता?
घर ते दवाखाना. तीन किलोमीटर. आणि परत.
“म्हंजे तापायच्या आधीच बंद.
चुलीला नुसता धूर, जाळ नाय.”

त्याने वरचं सगळं खोललं.
चार नळ्यांच्या तळाशी आठ झडपा,
आणि त्यांच्या पाठीवर
काकवी उतू जाऊन करपावी तसं काहीतरी,
थरावर थर, खवल्याखवल्यांचं.
“जुन्या गाडीत पेट्रोल ह्याच वाटेनं जायचं.
जाता जाता झडपा धुवायचं, कुनी सांगायला नको.
आता फवारा सरळ सिलिंडरात.
ह्या वाटेला येते ती नुसती हवा,
आनि तेलाची वाफ, इंजिनचाच श्वास,
बसतो आनि करपतो.”

मी नुसतं हं म्हटलं.

नंदन पहिल्या बोटीवर होता तेव्हा
फोन पेडणेकरांच्या दुकानात यायचा.
लाडूआतेचा नातू पळत सांगायला येई,
मी हात पुसत निघे,
आणि वाटेवर प्रत्येक पायरीवरून प्रश्न:
आला काय? बरा हाय ना? दाढी राखलीन म्हणे?
परतताना तेच सगळं उलटं वाटत यायचं,
सासूबाईंना, गजाभावजींना,
गडग्यापलीकडच्या शेवंतीलासुद्धा,
जिच्याशी माझा अबोला होता.
पण तिचा भाऊ त्याच बोटीवर.
बोलावंच लागायचं.

आता नंदन थेट उशाशी वाजतो.
दार लोटलेलं, कानात बोंडं.
इंजिनरूममधून येतो, घामाने निथळत,
आणि मला, एकटीला, सगळं सांगतो.
सासूबाई सकाळी काही विचारत नाहीत.
गजाभावजी गेल्या वैशाखापासून पडवी ओलांडत नाहीत.
कलमांच्या हिशेबाचं निमित्त म्हणतात.
भांडण असं झालेलंच नाही,
दाखवायला एकही शब्द नाही.

“शहरात अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारतात.
आपल्याकडे अक्रोड कुठला?”
हनीफने डबा उघडला: करवंटीची भुकटी,
त्याच्या बायकोने वस्त्रगाळ नाही, रवाळ कुटलेली.
झडपा बंद आहेत ना, हे बॅटरीने दोनदा पाहिलं,
आत एक कण गेला तर पिस्टनला चरा.
मग हवेचा झोत, एका हातात व्हॅक्यूमची नळी,
आणि गॅरेजभर खोबऱ्याचा जळका वास,
श्राद्धाच्या स्वयंपाकासारखा.

दुपारपर्यंत धातू दिसला.
राखाडी, जरा ओशाळलेला.

“परत बसंल काय?”
“बसनारच. पन्नास-साठ हजारांनी.
फवारा थेट हाय तवर बसनार.”
“मग?”
“मग परत करवंटी.”
बिल दिलं त्याने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
खरवडलेल्या खपल्या मी मागून घेतल्या,
मिठाच्या पुडीसारख्या बांधून.

रात्री नंदन वाजला.
उकडत होतं, म्हणून,
किंवा उकडतंय असं म्हणून,
मी फोन घेऊन पडवीत आले,
बोंडं आतच राहिली.
पुडी उघडून कॅमेऱ्यासमोर धरली.
“हे? अगं, आमच्यात टोपलीभर निघतं!”
त्याचं हसू खड्या आवाजात अंगणभर सांडलं.

बाकावर गजाभावजी सुपारी कातरत होते.
अडकित्ता थांबला.
“कोण, नंदन काय?”
मान वर न करता त्यांनी विचारलं.
मी काही बोलले नाही.
फोन त्यांच्या बाजूला फिरवला.